इंदूरच्या महाराणी रोडवरचं ९३६ सोल्डरिंग स्टेशन: आधी उघडा, मग पेटवा

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांचं काम होईल. घरी नियमित सोल्डरिंग करत असाल, म्हणजे रेडिओ, एलईडी, चार्जर, आर्डुइनो वगैरे काही ना काही टेबलावर पडलेलंच असेल, तर हे ९३६ टाइपचं स्टेशन घ्या, पैसे वसूल आहेत. पण दुकानातून आणून थेट प्लगमध्ये खुपसू नका. चार स्क्रू काढा, आत बघा, तासभर घालवा, नवीन टिप टाका आणि मग वापरा. या मशीनबद्दल ज्या तक्रारी ऐकू येतात ना, टिप काळी पडते, गरमच होत नाही, हाताला झिणझिण्या येतात, सोल्डर चिकटत नाही, त्यातल्या निम्म्याहून जास्त त्या एका तासात संपतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ९३६ हे मूळ जपानच्या हाक्को कंपनीचं मॉडेल. एक डबा, त्यात ट्रान्सफॉर्मर, तो २३० व्होल्टचे २४ व्होल्ट करतो, पुढे एक डायल २०० ते ४८० डिग्रीपर्यंतचा, आणि वायरीला लावलेला हलका दस्ता. दस्त्यात ५० वॉटचा सिरॅमिक हीटर, त्याच हीटरमध्ये तापमान ओळखणारा सेन्सर. हाक्कोनं ते मॉडेल कधीच बंद केलं, त्याच्या जागी एफएक्स-८८८ आलं, पण तोपर्यंत चीनमध्ये सगळ्यांनी ९३६ची नक्कल सुरू केली होती आणि ती आजही धडाक्यात चालू आहे. आपल्याकडे दीड-दोन हजारांच्या आसपास जे मिळतं ते हेच. डब्यावर नाव कुठलंही असू शकतं, आतला माल साधारण एकच, म्हणून मी ब्रँडचं नाव लिहीत नाही, उपयोगच नाही त्याचा. पुढच्या वेळी तेच मशीन दुसऱ्या नावानं मिळेल.

आता कोणी म्हणेल की पंचवीस वॉटचं साधं आयर्न काय वाईट आहे? काहीच वाईट नाही. सोल्ड्रॉनचं २५ वॉटचं आयर्न आपल्याकडच्या अर्ध्या हौशी लोकांनी पहिलं आयर्न म्हणून वापरलं असेल, माझ्याकडेही आहे आणि ते मी काढून टाकणार नाही. वर्षातून दोनदा खेळण्याची वायर जोडायची असेल तर तेच घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगली सोल्डर वायर घ्या. पण त्याला तापमानाचा कंट्रोल नसतो, ते आपलं तापतच राहतं. रिकामं ठेवलं तर गरजेपेक्षा जास्त तापून टिप जळते आणि मोठ्या कॉपरवर टेकवलं की गार पडतं. स्टेशनचा फायदा तिथेच आहे, टिप गार व्हायला लागली की सेन्सरला कळतं आणि हीटर परत जोर लावतो. दस्त्यातच डायल असलेली ती ६० वॉटची रंगीत आयर्नं मिळतात, निळी-पिवळी, ती मात्र मला अजिबात पटत नाहीत. दस्त्यात थेट २३० व्होल्ट, डायलवरचे आकडे भगवान भरोसे, आणि वायर इतकी कडक की हातातलं आयर्न स्वतःच वळतं.

खरेदीचं सांगतो. इंदूरमध्ये हे सगळं सामान महाराणी रोडला. सियागंजच्या बाजूनं शिरा, गाडी आत नेऊ नका, वेडे व्हाल, बाहेर कुठेतरी लावा आणि चालत जा. रविवारी जाऊ नका, बऱ्याच दुकानांना कुलूप असतं. दुकानात पहिली गोष्ट करायची ती म्हणजे डबा हातात घेऊन वजन बघायचं. खरा ट्रान्सफॉर्मर असेल तर डबा चांगला जड लागतो. हलका फुलका लागला तर आत ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे थेट मेन सप्लाय दस्त्यात जातोय, वरून दिसायला हुबेहूब ९३६, आतून पंख्याच्या रेग्युलेटरची सर्किट. मी एक एक डबा उचलून बघत होतो तर गल्ल्यावरचे भैय्या म्हणाले, "भिया, मशीन ले रहे हो कि तरबूज?" म्हटलं दोन्ही असंच घेतात. मग त्यांनीच आतून जुन्या स्टॉकमधला एक आणला, तो खरंच जड होता. मागच्या लेबलवर आउटपुट २४ व्होल्ट एसी लिहिलंय का तेही बघा आणि दस्त्याचा कनेक्टर पाच पिनचा गोल डिन आहे का ते बघा. दस्त्याची वायर बोटाला गुंडाळून बघा, सिलिकॉनची असेल तर मऊ पडते, पीव्हीसीची असेल तर थंडीत काठीसारखी होते आणि चुकून गरम टिप टेकली तर लगेच वितळते. माझी पीव्हीसीची निघाली, त्या किमतीत सिलिकॉनची मिळाली तर नशीब समजा.

आता घरी आल्यावरचं, आणि हा भाग कृपा करून गाळू नका.

प्लग लावायच्या आधी मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवा, म्हणजे जोड असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर. एक प्रोब थ्री पिनच्या जाड पिनला, म्हणजे अर्थला, आणि दुसरा सोल्डरिंग टिपला. बीप आलं पाहिजे. हाक्कोच्या मॅन्युअलप्रमाणे टिप आणि अर्थमधला रेझिस्टन्स २ ओहमच्या आत हवा. माझ्या मशीनमध्ये काहीच नाही, मीटर शांत. उघडून बघितलं तर हिरवी-पिवळी वायर आत आलेली आहे, टोक व्यवस्थित छिललेलं आहे, त्यावर स्लीव्ह चढवून नीट टायनं बांधून ठेवलेलं आहे, आणि कुठेही जोडलेलं नाही! म्हणजे ज्यानं बसवलं त्यानं वेळ काढून, निगुतीनं, न जोडता सोडून दिलं. दुकानदाराला फोन केला तर उत्तर आलं की "सब में ऐसा ही आता है, चलता है." चालतं हो, पण टिपवर जी गळती असते ती माणसाला नुसती मुंगी चावल्यासारखी जाणवते आणि मॉसफेटचं, म्हणजे मॉड्यूलवरच्या नाजूक ट्रान्झिस्टरचं, गेट मात्र मरतं, आणि मग आपण मॉड्यूल खराब निघालं म्हणून ऑनलाइनवाल्याशी भांडत बसतो. आणि इन्सुलेशन खरंच फुटलं असेल तर मग मुंगीचा विषयच राहत नाही. बॉडीला रिंग टर्मिनल लावून, पेंट खरवडून, दातेरी वॉशर टाकून अर्थ जोडला, बॉडीपासून डिन सॉकेटच्या मधल्या तीन नंबरच्या पिनला वायर नेली, मग टिपपर्यंत बीप आलं.

आत असतानाच अजून दोन गोष्टी बघून घ्या. स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर. न्यूट्रलवर असेल तर स्विच बंद केल्यावरही ट्रान्सफॉर्मरपर्यंत फेज बसलेलाच असतो, वायरी अदलाबदल करा, दोन मिनिटांचं काम. आणि फ्यूज आहे का? नसेल तर छोटा फ्यूज होल्डर विकत मिळतो, टाकून द्या.

हे सगळं झालं की पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डवर लावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आजच बनवा, फेजच्या वायरीत सिरीजमध्ये १०० वॉटचा जुना पिवळा फिलामेंटचा बल्ब आणि पुढे सॉकेट, बस. एलईडी बल्ब चालणार नाही. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि करंट अर्ध्या अँपियरच्या आतच राहतो, मशीन जळत नाही, एमसीबी पडत नाही. सगळं ठीक असेल तर चालू करताना बल्ब झपकन चमकतो, मग हीटर तापतोय तोवर मंद पेटलेला राहतो. ही आपल्या टीव्ही मेकॅनिक लोकांची जुनी युक्ती आहे आणि घरी रिपेअर करणाऱ्याला हिच्याइतकं स्वस्त इन्शुरन्स नाही.

एक आडवी गोष्ट, पण महत्त्वाची. मशीनचा अर्थ जोडून उपयोग काय, घराच्या सॉकेटलाच अर्थ नसेल तर? रामबागेकडच्या जुन्या घरांमध्ये थ्री पिनच्या वरच्या भोकात बऱ्याचदा वायरच नसते, आणि त्याहून भयंकर म्हणजे कोणीतरी शहाण्यानं तो पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडून दिलेला असतो. न्यूट्रल कुठे तुटला की मग बॉडीच फेज. इलेक्ट्रिशियनला बोलावून एकदा बघून घ्या, आणि ३० मिलीअँपियरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, नसेल तर तीही बसवून घ्या.

आता टिप. डब्यात जी टिप येते ती सुईसारखी टोकदार असते आणि नवीन माणसाला वाटतं वा, किती बारीक काम होईल. होत नाही. उष्णता टोकातून जाते, आणि टोकाला जागाच नाही तर जाणार कुठून, पोळी तव्याच्या कडेवर धरून भाजल्यासारखा प्रकार. मग माणूस डायल ४५० ला नेतो, टिप काळी पडते, पीसीबीवरचं (सर्किट बोर्डवरचं) कॉपरचं पॅड उखडतं, आणि दोष मशीनला. ती टिप काढून ड्रॉवरमध्ये टाका आणि चपटी छिन्नीसारखी टिप घ्या, ९००एम-टी-२.४डी असा तिचा नंबर, म्हणजे २.४ मिलिमीटर रुंद. माझं सगळं रोजचं काम तिच्यावर होतं, बारीक कामाला तिचाच कोपरा वापरायचा. दुसरी एखादी घ्यायची असेल तर सुरीसारखी के टिप घ्या, आयसीच्या, म्हणजे चिपच्या, पायांवरून सोल्डर ओढत न्यायला मस्त.

टिप घेताना अजून एक लफडं आहे. या टिपा पोकळ असतात, सिरॅमिक हीटरवर टोपीसारख्या बसतात. नकली टिपांची आतली गोलाई कमी-जास्त असते. ढिली बसली तर मध्ये हवा राहते आणि हवेतून उष्णता नीट जात नाही, मग हीटर ३५० दाखवतो आणि टोकाला २८० च असतात. शक्य असेल तर दस्ता सोबत घेऊन जा आणि दुकानातच बसवून बघा, डुगडुगता कामा नये. आणि टिपवरची ती नळी आणि नट हातानंच आवळा. पक्कड लावून जोरात पिळलं की आतला सिरॅमिक तडकतो, तो काचेच्याच स्वभावाचा. सोल्डर झटकायला दस्ता टेबलावर आपटायची सवय असेल तीही सोडा, हीटर त्यानंच जातात.

डायलवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा का? नाही, पण तपासायला महागडं थर्मामीटर लागत नाही. ६३/३७ ची सोल्डर वायर, म्हणजे ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं, बरोबर १८३ डिग्रीला एकदम वितळते, मधली चिखलासारखी अवस्था नाही. ६०/४० वाली १८३ ला मऊ पडायला लागते आणि १९० च्या आसपास पूर्ण पातळ होते. तर डायल सगळ्यात खाली २०० वर ठेवा, पाच मिनिटं थांबा, आणि स्वच्छ, सोल्डर लागलेल्या टिपवर चांगल्या कंपनीची ६३/३७ टेकवा. वितळायला पाहिजे, जेमतेम. नाही वितळली तर डायल हळूहळू वर न्या, जिथे वितळेल तिथे कळलं की मशीन किती थापा मारतंय. माझं वितळलं २३० च्या खुणेजवळ, म्हणजे पंचेचाळीस-पन्नास डिग्रीचा फरक. पुढच्या पॅनलवर कॅल लिहिलेलं छोटं भोक असतं, आत स्क्रू आहे, बारीक स्क्रू ड्रायव्हरनं थोडा थोडा फिरवून जुळवायचं. टिप बदलली की परत तपासायचं. हे काही लॅबमधलं कॅलिब्रेशन नाही, वरच्या टोकाला अजून थोडा फरक राहतोच, पण घरच्या कामाला रग्गड झालं.

याच टेस्टमधून दुसरी चोरी पकडली जाते, सोल्डर वायरची. कथील शिशापेक्षा कितीतरी महाग, त्यामुळे स्वस्त रिळांवर ६०/४० छापलेलं असतं आणि आत कथील घालताना हात आखडलेला असतो. प्रमाण उलटं म्हणजे ४०/६० झालं तर पूर्ण वितळायला २३० च्या वर, २४० च्या जवळ जावं लागतं. मशीन आधी चांगल्या वायरनं जुळवून घ्या आणि मग डायल २१० च्या आसपास ठेवून स्वस्त वायर टेकवा, ती पातळ न होता ओल्या वाळूसारखी नुसती ढकलली जाईल. जॉइंटसुद्धा त्याचे मळकट, दाणेदार होतात, आणि मग लोक "ड्राय जॉइंट होतोय, काय करू" विचारत बसतात. दुकानात "रांगा कौनसा दूँ?" (रांगा म्हणजे हीच सोल्डर वायर) असं विचारलं की तोलून मिळणारी सुटी वायर घेऊ नका, नावाची सीलबंद रीळ घ्या, ०.८ मिलिमीटर जाडीची, आत राळेचा फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ, असलेली. आणि ती छोट्या गोल डबीतली पेस्ट, जी सगळेजण वायरीला फासतात, तिच्यात आम्लाचा अंश असेल तर पावसाळ्यात दोन महिन्यांत जॉइंट हिरवे पडतात. पीसीबीला राळेचाच फ्लक्स, बाकी काही नाही.

टिप काळी पडते याचं उत्तर आपल्या आज्यांना माहीत होतं. बर्तन बाजाराकडून कल्हईवाले यायचे तेव्हा बघितलंय का, पितळेचं पातेलं तापवायचे, कथील टेकवायचे आणि कापसाच्या बोळ्यानं नवसागर फिरवायचे, भसकन पांढरा धूर निघायचा आणि पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. सोल्डरिंग टिपचं हेच शास्त्र. टिप आतून तांब्याची, वर लोखंडाचा पातळ मुलामा, आणि त्यावर कथिलाचा थर. तो थर जळून ऑक्साइड झाला की टिप काळी, आणि काळ्या टिपला सोल्डर चिकटत नाही, गोळी होऊन खाली पडते. आमच्या शेजारी एक काका आहेत, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, त्यांनी टिप बघितल्याबरोबर सांगितलं, "अरे, पंसाऱ्याकडून नवसागराचा खडा आण, गरम टिप त्यावर घास आणि लगेच सोल्डर लाव." केलं, आणि गेलेली टिप परत आली. पण खिडकी उघडी ठेवा, धूर घशाला लागतो, आणि नंतर ओल्या स्पंजनं टिप नीट पुसून घ्या, नवसागर पीसीबीवर गेला तर ट्रॅक खातो. हा शेवटचा उपाय आहे, रोजचा नाही. रोजचा उपाय एकच, काम संपलं की टिपवर सोल्डरचा जाड थेंब ठेवूनच स्विच बंद करायचा, पुसून नाही. आणि टिप कानशीनं किंवा पॉलिश पेपरनं घासायची नाही, जुन्या तांब्याच्या बिटांना ते चालायचं, इथे लोखंडाचा मुलामा गेला की खालचं तांबं सोल्डरमध्ये विरघळत जातं आणि टोकाला खड्डा पडतो.

सोबत येणारा स्पंज बिस्किटासारखा कडक असतो, पाण्यात टाकला की फुगतो. तो नुसता ओलसर हवा, थबथबलेला नाही. मी तर तो काढून त्या जागी पितळी तारांचा घोस बसवलाय, टिप गार पडत नाही.

आता प्रत्यक्ष काम कसं होतं ते. आम्ही इंदूरचे लोक अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद मिल, मालवा मिलच्या झांक्या, म्हणजे दिव्यांचे चित्ररथ, बघत मोठे झालेलो, त्यामुळे घरच्या गणपतीला नुसती माळ लावून समाधान होत नाही. मखराला डब्ल्यूएस२८१२बी ची पट्टी वापरतो, ज्यात प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा करता येतो. या पट्टीचे पॅड फार नाजूक, जास्त वेळ गरम राहिले की कॉपर उचलून येतं आणि पट्टी वाया. ३२० वर, २.४डी टिपनं, आधी पॅडवर छोटा थेंब, मग वायरीच्या टोकावर थेंब, मग दोन्ही एकमेकांवर ठेवून वरून एक सेकंद टिप टेकवायची, संपलं. साध्या आयर्ननं हेच करताना दर काही जॉइंटनंतर टिप जास्त तापलेली असायची, इथे शेवटचा जॉइंट पहिल्यासारखाच होतो, आणि मला विचाराल तर या एका गोष्टीसाठी मशीन घ्यावं. वरून सिलिकॉनचं कोटिंग असेल तर ब्लेडनं आधी काढून टाका, त्याच्यावर सोल्डर करायचा प्रयत्न म्हणजे नुसता वास. आणि पट्टी लांब असेल आणि शेवटचे एलईडी पांढऱ्याऐवजी पिवळट-लालसर दिसत असतील तर सोल्डरिंगला दोष देऊ नका, व्होल्टेज पडतंय. एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलीअँपियरपर्यंत घेतो, ६० एलईडींचे झाले ३.६ अँपियर, ते सगळे पट्टीच्या त्या पातळ कॉपरमधून जाणार कसे? दुसऱ्या टोकालाही ५ व्होल्ट वेगळ्या वायरीनं द्या.

कंपनीच्या बोर्डांचं रिपेअर, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, राउटर वगैरे, तिथे बिनशिशाचं सोल्डर असतं. युरोपात २००६ पासून शिशावर बंदी आली तसे जगभरचे कारखाने तिकडे वळले. ते साधारण २१७ डिग्रीच्या पुढे वितळतं आणि चिवट असतं. नुसती टिप दाबून धरू नका, आपली शिशाची सोल्डर त्यावर थोडी मिसळा, मिश्रण लवकर वितळतं, मग पंपानं ओढा. ३५० पर्यंत न्या, त्याच्यावर जायची गरज पडली तर समजा टिप चुकीची आहे. मोठ्या ग्राउंडला जोडलेला कपॅसिटरचा पाय मात्र या मशीनलाही जड जातो. आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीची जाड वायर, स्पीकरचे मोठे टॅग, पत्र्याची चासी, तिथे हे ५० वॉट हात टेकतं, त्याला जुनं १०० वॉटचं ढोल्या आयर्नच पाहिजे. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या चासीवर मी नाद केला आणि सोडला.

स्टँड वेगळा असतो आणि इतका हलका की दस्ता ठेवला की वायर त्याला ओढत नेते. खाली फरशीचा तुकडा चिकटवा. धुराचं म्हणाल तर तो शिशाचा नसतो, एवढ्या तापमानाला शिसं उडत नाही, तो राळेचा असतो, पण रोज नाकात गेला तर दमा मागे लागू शकतो. जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा बाजूला ठेवून धूर आडवा ओढून घ्या. शिसं जातं ते हातातून पोटात. सकाळी पोह्याची प्लेट शेजारी ठेवून मधे मधे सेव उचलत सोल्डरिंग करणारे मी बघितलेत, नका करू, आधी पोहे संपवा, आणि काम झालं की साबणानं हात धुवा.

पुढे कधी बिघडलं तर घाबरू नका, यात बिघडण्यासारखं फार नाही. पुढचा दिवा पेटलेला राहतो, सेट तापमान आलं की लुकलुकतो. दिवा सतत पेटलेला पण टिप थंड, तर हीटर गेला. कधी तापतं कधी नाही, दस्ता हलवला की फरक पडतो, तर वायर आतून तुटली, आणि ती नव्वद टक्के वेळा दस्त्याच्या मुळाशी, रबरी बुशजवळ तुटते, दोन इंच कापून परत जोडा. खात्री करायची तर दस्ता गार असताना डिन प्लगवर मीटर लावा. मूळ हाक्कोच्या मॅन्युअलमध्ये चार आणि पाच नंबरच्या पिनांमध्ये, म्हणजे हीटरला, २.५ ते ३.५ ओहम, आणि एक-दोनमध्ये, म्हणजे सेन्सरला, ४३ ते ५८ ओहम दिलेत. तुमच्या मशीनमध्ये हीटरचे ओहम बरेच जास्त आणि सेन्सर जवळपास शॉर्ट दाखवत असेल तर तो सिरॅमिक हीटर नाही, नायक्रोमची तार आणि थर्मोकपल आहे. चालतं तेही, पण स्पेअर आणताना दोघांची अदलाबदल होत नाही, सर्किट वेगळं असतं, त्यामुळे मशीन नवीन असतानाच हे दोन आकडे मोजून डब्याच्या तळाला मार्करनं लिहून ठेवा.

टी१२ टाइपची स्टेशनंही आता मिळतात, ज्यात हीटर, सेन्सर आणि टिप एकाच काडीत असतात. ती निर्विवाद सरस आहेत, पटकन तापतात, मोठ्या जॉइंटवर गार पडत नाहीत. पण किंमत वर जाते आणि प्रत्येक टिपमागे पूर्ण काडी घ्यावी लागते. बजेट असेल तर सरळ तिकडे जा. नसेल तर ९३६, २.४डी टिप, पितळी घोस, पाव किलोची चांगली ६३/३७ रीळ आणि एक सोल्डर पंप, एवढ्यात टेबल लागतं. आणि दुकानात टिप मागताना "९३६ की टिप" म्हणू नका, "९००एम" म्हणा, नाहीतर भैय्या भलत्याच जाडीची काढून देतात आणि उघडलेलं पाकीट परत घेत नाहीत.